इकडचं तिकडे : सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण यांची ओळख

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठलंही ऑफिस घ्या. पस्तिशीतला एखादा गृहस्थ दहा दिवसांची रजा संपवून डोक्याचा चकोट करून परत येतो, तेव्हा तो हमखास तिरुपतीला जाऊन आलेला असतो. निदान सांगतो तरी तसंच. लोक माना डोलावतात, लाडू मागतात, आणि लाडू आणलेला नाही म्हटल्यावर एकमेकांकडे बघतात. वर्षभरात त्याच्या कपाळावर केसांची नवी रेघ उमटते, फोटोत तो पाच वर्षांनी लहान दिसायला लागतो, आणि बालाजीच्या कृपेवर कुणीही जाहीर शंका घेत नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की आपण सोसायटीभर सांगतो. गुडघा बदलला तर भेटायला आलेल्यांना एक्स-रे दाखवतो. नाक सरळ करून घेतलं, पोटावरची लोंबती कातडी काढून टाकली, टाळूवर केस लावून घेतले, की मात्र आवाज खाली येतो. या कुजबुजीत लाज किती आणि खासगीपणा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझी तक्रार वेगळी आहे. कुजबुजीत चौकशी होत नाही. गुडघा बदलण्यापूर्वी माणूस तीन डॉक्टरांना भेटतो, मेहुण्याच्या ओळखीतल्या चौथ्याला रिपोर्ट पाठवतो, विमा कंपनीशी भांडतो. केस लावताना तोच माणूस मोबाइलवरची जाहिरात बघून, बायकोलाही न सांगता, शनिवारी सकाळी अ‍ॅडव्हान्स भरून मोकळा होतो. हे पुस्तक त्या शनिवारच्या आदल्या आठवड्यात वाचलं जावं, एवढ्यासाठी लिहिलं आहे.

वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला जाणारी मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन टोकांना या विषयाची दोन वेगळी गिऱ्हाइकं राहतात. वर्सोवा, आरामनगर, लोखंडवाला या पट्ट्यात ऑडिशनसाठी चकरा मारणारी मुलं-मुली आहेत. त्यांचा चेहरा हे त्यांचं पोटापाण्याचं साधन आहे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत दुकानात किंवा ऑफिसात बसणारा, मुली बघणं चालू असलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा आहे. पहिल्या भेटीत टोपी घालून बसावं की नाही, यावर त्याच्या घरात खल होतो. बोरिवलीत वेगळीच कथा सापडते : दोन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेली, पाठदुखीने बेजार झालेली आणि ‘व्यायाम कर, होईल कमी’ हे ऐकून कंटाळलेली बाई. फाकलेले स्नायू पुष्कळदा व्यायामाने बरेच जुळून येतात. नाही आले, तर ते शिवावे लागतात. या सगळ्यांना ‘हौशी’ म्हणून निकालात काढणं मला पटत नाही. विवाहमंडळाच्या फॉर्मवर रंगाचा रकाना आपणच ठेवायचा आणि रंगरूपाची चिंता करणाऱ्याला आपणच हसायचं, हे काही बरोबर नाही.

पण सहानुभूती वेगळी आणि ऑपरेशन वेगळं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी प्रकरणं तिच्यावर उभी आहेत. या शस्त्रक्रिया शरीरात नवं काही निर्माण करत नाहीत. त्या इकडचं तिकडे करतात. कपाळाची कातडी नाकावर, मानेवरचे केस कपाळावर, मांडीची चरबी गालात, बरगडीची कूर्चा कानात. सिलिकॉन आणि सुईने भरायचे फिलर हे अपवाद सोडले, तर सारा मामला तुमच्याच शरीरातल्या मालाचा आहे, आणि तो माल मोजका आहे. म्हणून जाहिरातीतला ‘किती मिळणार’ हा प्रश्न दुसरा. ‘कुठून घेणार, आणि तिथे मागे काय उरणार’ हा पहिला.

ही विद्या परदेशातून आली, श्रीमंतांची थेरं आहेत, असं समजणाऱ्यांना मी पुण्याला घेऊन जातो. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आलं. पत्राखाली सही म्हणून फक्त दोन आद्याक्षरं होती आणि सोबत एका माणसाचं चित्र. कावसजी नावाचा हा मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. पुढे बारा महिन्यांहून जास्त काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर समोर उभे राहून हे बघत होते. चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराचं.

त्या पत्रातला तपशील आजच्या सर्जनलाही थांबून वाचावासा वाटतो. आधी मेणाची पातळ चकती कापलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. मग ती चकती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्याभोवती रेघ मारली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण सगळी नाही : दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद देठ तसाच ठेवला. कातडी त्या देठावर फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी खाचेत बसवली. टाके नव्हते. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक सांध्यावर लावल्या, चार दिवस त्या हलवल्या नाहीत. मग तुपात भिजवलेल्या कापडाचे तुकडे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे आत घातले. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तो देठ कापला.

सगळी अक्कल त्या देठात आहे. कातडी पूर्ण सोडवून नाकावर नुसती चिकटवली असती, तर एवढा जाड तुकडा रक्त न मिळाल्याने काळा पडून झडला असता. देठातून भुवईजवळच्या रक्तवाहिन्यांचं रक्त येत राहतं. तीन-साडेतीन आठवड्यांत नाकाच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, मग देठाची गरज उरत नाही. आजही नाकावरचा कर्करोग काढल्यावर सर्जन कपाळाची कातडी अशीच फिरवून आणतात आणि साधारण तेवढ्याच दिवसांनी देठ कापतात. सुश्रुतसंहितेत याच कामासाठी गालाची कातडी सांगितली आहे आणि मापाला झाडाचं पान. पुण्याच्या माणसाने कपाळ आणि मेण वापरलं. म्हणजे मधल्या शतकांत कुणी तरी, कुठे तरी, जुनं बदलून सुधारत आलं होतं.

पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनला ध्यास लागला. वीस वर्षं वाट पाहून, प्रेतांवर हात बसवून, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. युरोपातल्या नाकाच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास तिथून सुरू होतो. या हकिकतीत रुग्णाचं नाव आहे, बघ्या डॉक्टरांची नावं आहेत, चित्रकाराचं आहे. ज्याने नाक बसवलं त्याचंच तेवढं नाही. आजच्या लिंक रोडवरच्या फलकांवर नेमकं उलट दिसतं, पण ते असो.

ही गोष्ट सांगितली की एखादा हुशार श्रोता म्हणतो, ‘बघा, त्याच्याकडे तरी कुठे डिग्री होती?’ नव्हती. पण हा हात घराण्यात शिकवला जायचा, आणि ज्याचं नाक बसवलं तो माणूस जन्मभर त्याच पंचक्रोशीत फिरणार असायचा. फसलेलं काम लपवायला दुसरं शहर नव्हतं. आठवड्याच्या शिबिरातून शिकून आलेल्याची आणि त्याची बरोबरी करू नये.

विसाव्या शतकात पहिल्या महायुद्धाने ही विद्या पुन्हा मोठी केली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात खंदकांतून आलेल्या सैनिकांचे फाटलेले चेहरे बांधून काढले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी डॉ. नोशीर अंटिया आपल्याकडे परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले. त्याच सुमारास नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करत होते. अंटियांनी पुढे जे.जे.मध्ये विभाग चालवला आणि उतारवयात तर खेड्यातल्या आरोग्यासाठी सगळं सोडलं.

कोंढव्याचं काम मला या पुस्तकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं. कुष्ठरोगाचे जंतू औषधाने मरतात, पण बसलेलं नाक आणि झडलेल्या भुवया मागे राहतात. गावकरी प्रयोगशाळेचा रिपोर्ट वाचत नाहीत, ते चेहरा वाचतात. बरा झालेला माणूस भुवया नाहीत म्हणून विहिरीवर जाऊ शकत नसे. अशा रुग्णांना टाळूवरची केसाळ कातडी भुवईच्या जागी आणून बसवायची शस्त्रक्रिया केली जाते. केशरोपण म्हणजे टकलू नटांचे चोचले, असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की केस आपल्या जागी नसल्यामुळे माणूस समाजाबाहेर पडू शकतो आणि ते परत आणल्यामुळे आत येऊ शकतो.

मग गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते? तत्त्वज्ञांना जमलं नाही ते करखात्याने एका वाक्यात उरकलंय. २०१७ च्या जीएसटी अधिसूचनेत आरोग्यसेवा करमुक्त आहेत, पण केशरोपण आणि सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी त्यांतून वगळली आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल, तरच सूट. विम्याच्या पॉलिसीतही जवळपास हीच रेघ आहे. कावसजीला कर पडला नसता. तिरुपतीवाल्या गृहस्थाला पडतो. रेघ सोयीची आहे, खरी नाही. छातीवर स्तनांसारखी वाढ झाल्यामुळे दहा वर्षं शर्ट न काढलेला, पोहायला न गेलेला, वाकून चालणारा मुलगा कुठल्या बाजूला? त्याची ग्रंथी काढायला तास-दीड तास लागतो, आणि बहुतेक कंपन्या त्याला सौंदर्याच्या रकान्यात टाकतात. उलट ज्याचं नाक चांगलं आहे, चौथ्यांदा करून घ्यायला आलाय आणि आरशासमोर रोज तासन्‌तास घालवतो, त्याच्या आजारावरचा इलाज सर्जनकडे नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे आहे. चांगला सर्जन अशा माणसाला परत पाठवतो. परत पाठवणं हे त्याच्या कौशल्यातलंच एक कौशल्य आहे.

नाक, पापण्या, कान, पोट यांच्यावर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे थोडक्यात. चरबी ओढून काढणं हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. हट्टाने एका जागी साठलेली चरबी काढून आकार सुधारण्याचा तो उपाय आहे. १९७०च्या दशकात इटली आणि फ्रान्समधल्या सर्जनांनी ही पद्धत रुळवली. त्यानंतर भुलीचं औषध भरपूर पाण्यात मिसळून भरायची युक्ती १९८०च्या दशकात आली आणि रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. तरी हे ऑपरेशन आहे. ‘लंच टाइममध्ये करून जा’ असं लिहिलेला फलक दिसला, तर जेवून घ्या आणि पुढे जा.

आता केस. उपनगरातले बहुतेक वाचक हे पुस्तक याच प्रकरणासाठी उघडणार, हे मला ठाऊक आहे.

माणसाच्या टाळूवर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, मग तीनेक महिने नुसता अडकून राहतो आणि गळतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हा हिशेबातलाच भाग आहे. बाथरूमच्या जाळीवरचा पुंजका पाहून घाबरण्याआधी हे आठवावं. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, कोविड, मोठं ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, कारण शरीराला बसलेल्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात. पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि दिवाळीत केस गळायला लागले, तर त्या दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. दोष जातो सोसायटीच्या टँकरच्या पाण्याला. जड पाण्याने केस राठ होतात, हे खरं. पण मुळापर्यंत ते पोचत नाही.

पुरुषांचं नेहमीचं टक्कल ही वेगळी गोष्ट. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले, त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. म्हणजे पुरुषी संप्रेरक आणि आनुवंशिकता यांची ही जोडगोळी. कपाळावरची आणि टाळूमधली मुळं या संप्रेरकाला हळवी असतात, आणि ती वर्षागणिक बारीक केस काढत काढत थकतात. मागची आणि कानांवरची मुळं त्याला दाद देत नाहीत. म्हणून सत्तरीतल्या टकल्या आजोबांच्या मानेवरही केसांची झालर शाबूत असते.

त्या झालरीवरच केशरोपणाचं सगळं शास्त्र उभं आहे. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५२ मध्ये पहिलं रोपण केलं आणि १९५९ मध्ये निष्कर्ष छापले : मुळाला जिथून उचललं तिथला स्वभाव ते बरोबर घेऊन येतं. मानेवरचं मूळ कपाळावर लावलं, तरी ते मानेवरच्यासारखंच टिकतं. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ मध्येच बारीक गोल तुकडे लावून दाखवले होते, पण मध्ये महायुद्ध आलं आणि ते काम बाकीच्या जगाच्या नजरेआड राहिलं. ओरेनट्राइख यांचे तुकडे चार मिलिमीटरचे असत. एकेका जागी केसांचा झुबका उगवायचा आणि कपाळ बाहुलीच्या डोक्यासारखं दिसायचं. १९९०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली केसांचे नैसर्गिक गट वेगळे करणं सुरू झालं. टाळूवर केस एकेकटे नसतात. एक ते चारच्या गटाने उगवतात. या गटालाच दवाखान्यात ग्राफ्ट म्हणतात. तो मिळवायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे मानेवरून कातडीची पट्टी काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली सोडवणं. तिने एक सरळ व्रण राहतो. दुसरी, २००२ च्या सुमारास नावारूपाला आलेली एफयूई : एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान पोकळ पंचने एकेक गट खुडून काढणं. हिने बारीक पांढरे ठिपके राहतात, आणि बारीक केस ठेवणाऱ्याला ते फारसे दिसत नाहीत. ‘बिनव्रणाची’ असं जे छापतात ते खोटं आहे.

मानेवरची ही झालर म्हणजे तुमचं मुद्दल आहे, आणि त्यावर व्याज मिळत नाही. काढलेल्या जागी नवा केस येत नाही. तिथे चौरस सेंटिमीटरला साधारण ६५ ते ८५ गट असतात. त्यातले निम्मे काढले तरी डोळ्याला पटकन कळत नाही, त्यापुढे मान विरळ आणि खाल्ल्यासारखी दिसायला लागते. आयुष्यभरात बहुतेकांकडून पाच-सहा हजार ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात, काहींकडून त्याहून बरेच कमी. म्हणून बावीस वर्षांच्या मुलाला सोळाव्या वर्षाची कपाळरेषा आखून देणारा दवाखाना त्याचं भलं करत नाही. त्याचं टक्कल अजून पुढे सरकणार आहे. चाळिशीत पुढे लावलेल्या केसांची एक पट्टी, मागे मोकळं मैदान आणि मुद्दल संपलेलं, अशी अवस्था होते. ती झाकायला मग टोप किंवा पॅच.

‘पाच हजार केस अमुक रुपयांत’ अशी जाहिरात वाचली की एक प्रश्न विचारा : केस की ग्राफ्ट? ग्राफ्टमध्ये सरासरी दोनच्या आसपास केस धरले, तर पाच हजार केस म्हणजे अडीच हजार ग्राफ्ट. केसाने गळा कापणं म्हणतात ते इथे अक्षरशः चालतं.

औषधं आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून ते टाळूवर आलं. फिनास्टराइड प्रोस्टेटसाठी निघालं आणि १९९७ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्य झालं. दोन्ही आहेत ते केस बरेचसे राखतात, थोडे परत आणतात, आणि बंद केली की मिळवलेलं जातं. फिनास्टराइडने काही थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात आणि गरोदरपणाची शक्यता असलेल्या बाईने ते घ्यायचं नसतं, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने ते सुरू करू नये. स्वतःचंच रक्त फिरवून टोचायची पीआरपी काहींना थोडी लागू पडते. तिची सहा-आठ बैठकांची पॅकेजं मात्र सगळ्यांना सारख्याच खात्रीने विकली जातात. तेलाबद्दल एवढंच : आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात जे विकार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची यादी आहे. टक्कल तिच्यात आहे. कातडी गोरी करणंही.

आधी निदान का हवं, याचा धडा बुलढाण्याने दिला. २०२४ सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बाया-पुरुष-पोरांचे केस एकाएकी गळू लागले, तीन-चार दिवसांत टक्कल. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ म्हणून टाकलं, विहिरींच्या पाण्यावर संशय गेला, आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला, तेव्हा रुग्णांच्या रक्तात आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आणि रुग्णांमध्ये जस्त कमी आढळलं. पुढे अनेकांचे केस परत उगवायलाही लागले. त्या गावकऱ्यांना कुणी रोपणाचं पॅकेज विकलं असतं तर? शहरात हे रोज घडतं : चाई पडलेल्याला, थायरॉइडवाल्या बाईला, रक्तात लोह कमी असलेल्या मुलीला सरसकट एकच दर सांगितला जातो.

आणि जीवही जातो. मार्च २०१९ मध्ये साकीनाक्याच्या ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने मध्य मुंबईतल्या एका दवाखान्यात एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त केस लावून घेतले. काम बारा तासांहून जास्त चाललं. दुसऱ्या दिवशी चेहरा आणि घसा सुजला, श्वास अडकायला लागला. पवईच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया असावी, असा डॉक्टरांचा प्राथमिक अंदाज होता. भुलीच्या लिग्नोकेनला वजनानुसार मर्यादा असते : अ‍ॅड्रेनलिनसह दिलं तर किलोमागे साधारण सात मिलिग्रॅम. बैठक लांबली की टोचणी वाढत जाते, आणि हिशेब कुणी ठेवत नसेल, तर धोका त्या हिशेबातच असतो. शिवाय काढलेली मुळं गार द्रवात ठेवलेली असली, तरी जितका वेळ शरीराबाहेर राहतात तितकी त्यांची जगण्याची शक्यता घटते. म्हणजे मोठा आकडा माणसालाही वाईट आणि केसालाही.

दिल्लीत एका सलूनमध्ये केस लावलेल्या तरुणाचा मृत्यू झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढल्या : केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जनने किंवा त्वचाशस्त्रक्रियांचं पुरेसं प्रशिक्षण असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाने कराव्यात, शिबिरात किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही. एका सरकारी कागदात यूट्यूबचं नाव घालावं लागलं, यावरून परिस्थिती ओळखावी. तेव्हा भेटीला गेलात की समुपदेशक बाईंच्या गोड बोलण्यानंतर तीन गोष्टी विचारा. डॉक्टरांचं नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? पंच आणि केस रोवायच्या कपाळावरच्या चिरा स्वतः डॉक्टर मारणार, की टेक्निशियन? आणि रक्तदाब कोसळला तर इथे ऑक्सिजन कुठे आहे, जवळचं आयसीयू कोणतं? उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेही उत्तरच.

ज्यांना पैशांची अडचण आहे, भाजल्याचे व्रण आहेत, किंवा दुभंगलेल्या ओठाचं बाळ आहे, त्यांनी या फलकांच्या नादी लागूच नये. सायन आणि केईएम ही महापालिकेची रुग्णालयं आणि सरकारी जे.जे. इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. रांग मोठी असते, पंखे कुरकुरतात, पण या शहरातले कितीतरी नावाजलेले हात तिथेच घडलेत.

राहिला प्रश्न तारखांचा, कारण तो कुणी नीट सांगत नाही. केस लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, मग जाते. आठ-दहा दिवसांत खपल्या निघतात. दोन-तीन आठवडे हेल्मेट नको, आणि अंधेरीला संध्याकाळची विरार लोकल तर नकोच. पहिल्या दिवसांत एका कोपराचा धक्का पुरतो. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस बहुतेक सगळे गळून पडतात आणि फोन खणखणू लागतात. गळतो तो केस, मूळ आत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लव येते, नवव्या ते बाराव्या महिन्यात खरं रूप दिसतं, टाळूच्या भोवऱ्याला त्याहून वेळ लागतो. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर बोहल्यावर चढायचं असेल, तर ऑपरेशन त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास झालेलं हवं. साखरपुडा उरकून, दोन महिन्यांवर लग्न आलेला मुलगा घाईघाईने दवाखान्यात येतो, तेव्हा प्रामाणिक डॉक्टर त्याला सरळ सांगतो की आत्ता केलंस तर मांडवात तू आहेस त्याहून विरळ दिसशील, तेव्हा यंदा फेटा जरा मोठा बांधून घे आणि पुढच्या वर्षी ये.